मधली जागा

हीयुमा बेटावर नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, हातांचं ग्रीस घासून काढतो
आणि माळ्यावर जाऊन रेडिओ लावतो.
खरं तर लावतही नाही.
संगणक त्याचा तोच बोलत असतो,
दर पंधरा सेकंदांनी, घड्याळाला घड्याळ जुळवून,
मी खाली मासा तळत असलो तरी.

सकाळी यादी बघायची:
जपान, उरुग्वे, कुठलंसं जहाज.
सगळे भेटले. बोललो कुणाशीच नाही.

डिजिटलवाल्यांच्या पट्ट्यात फार गर्दी,
म्हणून ऑक्टोबरात जरा खाली सरकलो,
मोर्सच्या म्हाताऱ्यांकडे.
तिथे शुकशुकाट होता.
यंत्राने तपासलं, रिकामी म्हणालं.

परवान्याच्या परीक्षेत मला पैकीच्या पैकी होते.
आधी ऐका, मग बोला.
लागेल तेवढीच ताकद लावा.
आपली खूण सांगा, आडपडद्याने बोलू नका.
आणि ही लहर कुणाच्या बापाची नाही
(पुस्तकात शब्द जरा सभ्य होते).

मग गोटलंडहून कार्ड आलं.
पुढे दीपगृह, मागे पेन्सिलीने लिहिलेलं:

“रोज साडेसहाला तुमचं यंत्र आमच्या अंगावरून चालत जातं.
मी तिथे आस्लॉगला भेटतो. ती वार्द्योला असते.
अर्धांगानंतर ती डाव्या हाताने कळ दाबते.
एक अक्षर पाठवते, थांबते,
मग दुसरं.
ती थांबते ती जागा
तुमच्या यंत्राला रिकामी वाटते.
कळावे. फोल्के.”

राग नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं,
मला उलट उत्तर देता आलं असतं.

त्या संध्याकाळी संगणक बंद केला,
बाबांचे जुने हेडफोन काढले,
कानाच्या गाद्या कडक झालेल्या.
आधी नुसती खरखर.
मग तिच्या तळाशी, नखाने काच वाजवावी तसं काहीतरी:
एक लांब, दोन आखूड.
मी मोजलं. सात सेकंद.
पुन्हा एक आखूड.
वीस मिनिटांत तिने एवढंच सांगितलं
की मांजर परत आलं
आणि त्याचा एक कान फाटलाय.
फोल्केने विचारलं, कोणता?

यंत्र परत गर्दीत नेऊन ठेवलं, पाच वॉटवर.
यादी आता बोटभर असते.
मी मोर्स शिकतोय, इंजिनाच्या झाकणावर पाना ठोकून.
बंदरातले लोक बघतात.

काल हिंमत केली. साडेसहा वाजून गेले होते,
सगळं शांत होतं, तरी विचारलं:
जागा रिकामी आहे का?

सात.
आठ.
अकरा.
मग डाव्या हाताचं, सावकाश:
ना
ही.

मी थांबलो.
खाली मासा करपत होता, वास वर येत होता.
आणि मग, बऱ्याच वेळाने,
पुढचं अक्षर.