पट्टा येईपर्यंत

फेब्रुवारीतला रविवार. कालव्यावर बर्फाची साय,
माणूस पेलेल एवढी नाही, बदकांची पंचाईत करण्यापुरती.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर फ्रान्स पसरलाय.
एका कोपऱ्यावर चीज कापायची सुरी,
दुसऱ्यावर आईच्या गोळ्यांचा डबा,
नाहीतर ब्रिटनी गुंडाळत गुंडाळत थेट आल्प्सवर जाते.

शुर्दला समुद्र हवा.
त्याच्या पोरांना घसरगुंडीचा तलाव, तिथे समुद्र असो नसो.
वहिनीला लॅव्हेंडर, तेही फुललेलं,
आणि शेतकऱ्याने कापायच्या आधीचं.
मी म्हणते, पॅरिस? दोन दिवस?
सगळे माझ्याकडे असे बघतात
जसं काही मी किडनी मागितली.

दरवर्षीचंच आहे हे.
ऑक्टोबरपासून घोंगडं भिजत पडतं
आणि मार्चमध्ये उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं.
एकदा धावपट्टीला लागून तंबू ठोकले.
एकदा द्राक्षमळ्यातलं निवांत घर,
इतकं निवांत, की तिसऱ्या रात्री
शुर्द आणि वहिनी कुजबुजत भांडले
ते शब्दन् शब्द आम्हाला ऐकू आलं.

बाबा एवढा वेळ कानातलं यंत्र काढून बसले होते.
एकोणऐंशीचं बोट सावकाश नकाशावर उतरलं,
बरोब्बर मध्यावर,
जिथे घडी पडून पडून कागद पांढरा झालाय
आणि गावाचं नाव घडीनेच खाल्लंय.

"इथे."

शुर्दने फोनवर शोधलं.
"बाबा, इथे काहीच नाही.
धान्याचं कोठार. बस, आठवड्यातून दोनदा."
"गॅरेज?"
"होतं वाटतं. फोटोत शटर खाली आहे."
"रंग कुठला शटरचा?"
शुर्दने फोटो मोठा केला. "हिरवा. होता कधीकाळी."
बाबांनी यंत्र कानात घातलं.

बहात्तरची जुलै. लग्नाला अकरा दिवस झालेले.
आईने कधी न पाहिलेला निळा समुद्र गाठायचा म्हणून
उसनी ओपेल घेऊन निघाले दोघं,
आणि तेरा तारखेच्या संध्याकाळी, त्या घडीपाशी,
पंख्याचा पट्टा तुटला.
चौदाला त्यांचा राष्ट्रीय सण. मग शनिवार. मग रविवार.
सोमवारी तिथे दुकानं बंद असतात,
हे त्यांना सोमवारी कळलं.

गॅरेजच्या माडीवर एक खोली. उशीला ग्रीसचा वास.
मेकॅनिकची बहीण जर्दाळू आणून ठेवायची, टोपीत.
पट्टा कधी येणार, असं हाताने विचारलं
की तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "दमँ."
आईला वाटलं, नावच आहे त्याचं.
रोज सकाळी खिडकीतून वाकून हाक मारायची,
"दमँ! ओ दमँ!"
तो पान्हा उंचावून हसायचा.
पाचव्या दिवशी, पट्टा बसवून झाल्यावर,
कुणीतरी सांगितलं तिला,
दमँ म्हणजे उद्या.

समुद्र राहिलाच. रजा संपली होती,
गायींच्या धारा शेजारी किती दिवस काढणार.
ओपेल उत्तरेला वळली.

हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.
बाबा आयुष्यात एवढं सलग फक्त
दुधाच्या भावावर बोललेत.

"पण बाबा, तिथे पाच दिवस करणार काय?"
बाबांनी खांदे उडवले. "तेव्हा तरी काय केलं?"
आणि कानापर्यंत लाल झाले.

आई खिडकीबाहेर बदकं बघत होती.
मागच्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं,
तू कुणाची गं?
आता वळली. नकाशाकडे नाही,
बाबांच्या बोटाकडे बघत म्हणाली,
"तो आहे का अजून तिथे? दमँ?"

कुणी काही बोललं नाही.
"आहे," बाबा म्हणाले.

पोरं रडली, तलाव नाही म्हणून.
शुर्दने अकरा किलोमीटरवरचं एक घर धरलं,
स्वस्त, कुणालाच नको होतं ते.
वहिनीने पेन काढलं आणि विचारलं,
चादरी आपल्या न्यायच्या, की देतात?