दीडशे रुपये, चहासकट

या, पुढे या, रिक्षाला वाट द्या.
सहाच जण? हरकत नाही,
मागच्या रविवारी दोघं होते
आणि त्यातला एक मिसळीपाशीच थांबला.

मी प्रल्हाद तांबट.
वाद्य मला कुठलंच येत नव्हतं,
मी ॲम्प उचलायचो.
बॅण्डचं नाव 'तिसरी पाळी'.
तिघं जण, दोन वर्षं, पाच कार्यक्रम.
झाला इतिहास. आता चालू.

हे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान.
इथे आधी कोऱ्या कॅसेटी भरून मिळायच्या.
शरणपूरचा एलियास भालेराव
चर्चच्या पेटीवरून थेट गिटारवर आला,
मधलं काहीच न शिकता.
मामेभावाने मुंबईहून आणलेली टेप
इतकी झिजलेली, की त्याला वाटलं
खरखर हेच गाणं.
आम्ही सहा महिने
ती खरखर बसवत होतो.

दुकानदार मान हलवतोय, बघा.
असलं काही इथे झालंच नाही, म्हणतो.
दर रविवारी म्हणतो.
टाळी द्या त्यालाही.

इथून डावीकडे. शेण आहे, जपून.

ही आमची आळी.
पूर्वी इथे बोलायचं तर ओरडावं लागे,
चाळीस हातोड्या एकदम, तांब्यावर.
फिरोज अत्तारला ढोल पथकाने काढलं होतं.
ठेका पळतो तुझा, म्हणाले.
पळायचाच. अजून पळतो, मालेगावला टेम्पो चालवतो तो.
माझ्या चुलत्याचं घंगाळ उपडं घालून
त्याने पहिली रात्र वाजवली.
पोचे पडतील, चुलते म्हणाले.
पडले.
ते घंगाळ पुढे कुणी घेतलं नाही,
आमच्या गच्चीवर आहे, कोथिंबीर लावलीय त्यात.

आता एकच हातोडी चालू असते.
ऐकू येते? नाही?
आज सुट्टी असेल.

ही व्यायामशाळा.
शेवटचा कार्यक्रम इथे.
इथे मी नेहमी सांगतो, की पोलीस आले,
काठ्या चालल्या, एलियासची गिटार मोडली.
लोकांना पोलीस आवडतात,
दीडशे रुपये वसूल झाल्यासारखे वाटतात.

पण तुम्ही, मागच्या ताई, वहीत लिहून घेताय.
लिहा मग.
पोलीस आले नव्हते.
भारनियमन होतं. सव्वाआठला लाइट गेली.

कुंदा निरभवणे गायची.
गायची म्हणजे हजेरी घ्यायची.
सातपूरला तिच्या वडिलांची कंपनी बंद झाली,
एक्केचाळीस माणसं फाटकाबाहेर,
त्यांची नावं, आडनावासकट,
चाळीस सेकंदांत. एवढंच गाणं.
लाइट गेली तेव्हा ती एकोणिसाव्या नावावर होती.
मग माइक नाही, गिटार नाही,
फिरोजचा हात सवयीने थोडा पुढे पळाला आणि थांबला,
आणि ती विसावं नाव बोलली.
एकविसावं.
हळू बोलली. पहिल्यांदाच आम्हाला नावं कळली.
सत्तावीस की अठ्ठावीस,
तिथे मागून, दोरखंडाजवळून,
कुणीतरी म्हणालं,
हजर.

कोण ते माहीत नाही.
मला विचारू नका, मी फ्यूज शोधत होतो.
अकरा जण होते आत,
नऊ जणांना मी नंतर गाठलं, घरी जाऊन.
दोघं राहिले.

कुंदा? नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
बाहेर पडताना रोज अंग तपासतात.
पुन्हा गायली का, ते मी विचारलं नाही.
तिनेही मला विचारलं नाही
की लोकांना काय काय सांगतोस.

चहा समोर. साखर कमी हवी त्यांनी आधी सांगा.
या पायरीवर बसा हवं तर,
ॲम्प इथेच टेकवायचो मी,
कड तुटलीय ना, ती त्याचीच.
किंवा नसेल.