खाचेचं नाव

पहाटे तीनला वीज गेली, वीस मिनिटांसाठी.
परत आली तेव्हा सर्व्हर उठला नेहमीसारखा,
पंखे घुमले, हिरवे दिवे लुकलुकले,
आणि तरी काट्यावरचा एकही मासा
यादीत उतरेना.

फोन आला तेव्हा मी बेटाच्या दुसऱ्या टोकाला,
गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत.
ओडलाइव्ह म्हणत होता,
"दिवे सगळे लागलेत, गुद्वेग. सगळे.
मग बिघडलंय काय?"

बिघडलं काहीच नव्हतं.
त्या जुन्या पेटीत दोन कार्डं.
एकाची वायर फेरीच्या धक्क्यावरून बाहेर, जगाकडे,
दुसरीची आत, काट्यांकडे, पट्ट्याकडे, बर्फाच्या यंत्राकडे.
उठल्या उठल्या कर्नल अंधारात हाक मारतो:
जो आधी ओ देईल तो एथ०,
मागून येईल तो एथ१.
अकरा वर्षं एकाच कार्डाने आधी ओ दिली
आणि आम्ही त्याला नियम समजून बसलो.
त्या पहाटे दुसऱ्याने दिली,
इतकंच.

फायरवॉल बिचारी नाव बघून वागणारी.
तिने घरच्यांना उंबऱ्याबाहेर अडवलं,
परक्यासाठी पाट मांडला.
पट्ट्याशी वाइवा उभी होती,
खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने वजनं लिहीत,
चार किलो दोनशे, तीन किलो नऊशे,
ओल्या हातमोज्याने पुसट होत जाणारी.

माझे पणजोबा लीदच्या शेतावर जन्मले,
म्हणून श्यूर लीद.
लग्न करून नेसच्या शेतावर राहायला गेले
तर चर्चच्या वहीत श्यूर नेस.
माणूस तोच,
अंगठ्यावरचा विळ्याचा वण तोच.
नाव जमिनीचं होतं;
ते फक्त त्यात राहायला आले.

वसंतात नवी पेटी आली, नव्या रीतीची.
कोण आधी उठलं हे ती विचारत नाही,
कुठे बसलायस ते विचारते.
एनपी३एस०:
इथरनेट, तिसरी बस, शून्य क्रमांकाची खाच.
ओडलाइव्हने दोनदा म्हणून पाहिलं, मग थुंकला.
"हे नाव आहे की नटबोल्टचा नंबर?"
नावं ठेवणं सोपं, ओडलाइव्ह.
नाव ठेवणं अवघड.

तरी मला ती रीत आवडली.
अंधारातली शर्यत संपली,
ज्याची जागा त्याचं नाव,
नेसवरचा तो नेस.

मग नोव्हेंबरात
माशांवरच्या उवा मोजणाऱ्या कॅमेऱ्यासाठी
मी वरच्या खाचेत आणखी एक कार्ड बसवलं.
पेटी उठली, आणि
तीनचा चार झालेला.
घर तसूभरही हललं नव्हतं;
वरच्या अंगाला कोणी नवं घर बांधलं
आणि खालच्या सगळ्यांचे नंबर सरकले.
वाइवाने काही न बोलता
पुठ्ठा फाडून घेतला.

त्या दिवशी मी चार ओळींची फाइल लिहिली.
कारखान्यातून निघताना कार्डावर कोरलेला असतो
एक आकडा, सहा जोड्यांचा,
तो दिला, आणि म्हटलं:
हा कुठेही बसो, कधीही उठो,
याला 'धक्का' म्हणा.
आणि त्याला 'काटा'.
तेव्हापासून वीज चारदा गेली.
यादीत मासे उतरतायत.

यादीत आणखी एक असतो, लो नावाचा.
त्याला कार्ड नाही, वायर नाही, खाच नाही.
स्वतःलाच निरोप धाडतो, स्वतःच उचलतो.
त्याचं नाव कधी बदललेलं मी पाहिलं नाही.
रात्रपाळीला, सगळे गेल्यावर,
मी त्याला एक हाक घालते.
लगेच ओ येते.

सरकारने कायदा केला तेव्हा
आमचं नाव नेसवर गोठलं.
शेत पुढे विकलं गेलं;
आता तिथे बेर्गेनचा एक दंतवैद्य उन्हाळ्यात येतो,
आजोबांच्या गोठ्यात त्याची कयाक टांगलेली.
मी मात्र पगाराच्या कागदावर, दाराच्या पाटीवर,
गुद्वेग नेस.

फेरीवर तो एकदा भेटला.
हात पुढे करून मी नाव सांगितलं.
"अरे वा," तो म्हणाला,
"म्हणजे तुम्ही आमच्याकडच्याच."