नमुना

इंदूरपासून समुद्र इतका लांब
की आम्ही तो गोणीतून आणतो,
सियागंजच्या दुकानातून, किलोच्या भावाने, पांढरा, कोरडा.
नळाला नर्मदा येते एक दिवसाआड.
तिला अजून भडोचपर्यंत जायचं असतं,
हे तिला गाळून घेतात
आणि न्हाणीघरातल्या निळ्या बादलीतच खारट करतात.

मागच्या गुरुवारी वाळूवर तपकिरी काहीतरी आलं.
"काई है आंटी," दुकानातला फैजान म्हणाला,
"दवा डाल दो, सात दिन में साफ."
ह्यांनी बाटली घेतलीसुद्धा.
मी म्हटलं, झाकण उघडायचं नाही.
एकतीस वर्षं एम. वाय.च्या पॅथॉलॉजीत काचपट्ट्या पाहिल्या मी.
आधी नाव, मग औषध.

हिरवी लव असती तर बोटाला केसांसारखी गुंतली असती.
पिसासारखी फांदी फुटली असती तर ती दुसरी, हट्टी जात.
हिरवे मणी असते, काचेच्या बांगडीइतके चकचकीत,
तर फोडायचे नसतात. एक फुटला की घरभर पिलावळ.
जांभळट थर असता तर दुधावरच्या सायीसारखा
अख्खा उचलला गेला असता,
मागे बंद तळघराचा वास ठेवून.
आणि नव्या टाकीत बसते ती नुसती धूळ,
हात हलवला की उडते, महिन्याभरात आपोआप जाते.
पण आपल्या टाकीला दिवाळीत दोन वर्षं झाली.

हे शेंबडासारखं आहे.
तारा सुटतात, प्रत्येक तारेच्या टोकाला एक बुडबुडा.
रात्री अकराला पाहिलं: वाळू पांढरी.
दुपारी दोनला पुन्हा तपकिरी,
जसं कोणी पाळी लावून कामावर येतं.

तीन शंख मेले.

ड्रॉपरने ओढून घेतलं, खोकल्याच्या रिकाम्या बाटलीत घातलं,
ह्यांना सांगितलं, हलवा, अजून हलवा.
कॉफीच्या कागदातून गाळून बाटली खिडकीत, उजेडात ठेवली.
खाली कचरागाडी आपलं गाणं वाजवत रामबागेतून गेली,
मी तांदूळ निवडले, कुकर लावला.
तिसऱ्या शिट्टीला पाहते तर
निवळ पाण्यात धागे पुन्हा जमलेले.

मग माळ्यावरचा सूक्ष्मदर्शक काढला,
भंगारात निघाला तेव्हा चारशेला घेतलेला.
डोळा लावला. डोळ्याला ती सवय अजून आहे.
नावेसारखे काचेचे तुकडे नव्हते तिथे.
थेंबाच्या आकाराचे जीव,
शेपटाने एका जागी बांधल्यासारखे, गरगर, गरगर.
घाण्याचा बैल इतका खुशीत मी कधी पाहिला नाही.

वहीत लिहिलं: नमुना चार. डायनोफ्लॅजेलेट.

"म्हणजे काय?"
म्हणजे तुम्ही पाणी फार स्वच्छ ठेवलंत.
नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य,
बाकीचे सगळे उपाशी मेले आणि रान मोकळं झालं.
ह्यांचा चेहरा उतरला.
ज्या गावात भिंतीभिंतीवर पहिला नंबर रंगवलाय,
आणि जो माणूस दाणे खाल्ल्यावर टरफलं खिशात घालून घरी आणतो,
त्याला हे सांगायचं म्हणजे.

औषध नको. रोज चिमूटभर जास्त खायला घाला.
काच पुसू नका. थोडा मळ राहू द्या.

"किती दिवस?"

हा प्रश्न मला कधी कोणी विचारलाच नव्हता.
रिपोर्ट खिडकीच्या फटीतून सरकवला की माझं काम संपायचं,
पलीकडे फक्त हात दिसायचे.
किती दिवस, ते वरच्या मजल्यावर विचारायचे.

माहीत नाही, मी म्हटलं.

हे टाकीसमोर बसून राहिले, मांडीवर पिवळा फडका,
त्याची घडी घालत, मोडत.
जोकर मासा काचेपाशी येऊन ह्यांच्याकडे बघून गेला.

रात्री जाग आली तर शेजारी पलंग रिकामा,
बाहेर टॉर्चचा उजेड.
"वाळू पांढरी झालीये गं," हे म्हणाले.
रात्री असतेच, मी म्हटलं.
"हो," म्हणाले,
आणि टॉर्च तसाच धरून उभे राहिले.