भिंतीतली ऊब

तक्रार एवढीच होती की हीटर पुरता लाल होत नाही.

वडगावात, खालच्या गल्लीत, बाळाप्पा ढवळींच्या घरी.
पौषातली सकाळ, धुकं विजेच्या खांबाला
ओल्या सुतासारखं गुंडाळलेलं.
लेक बाळंतपणाला आलेली. बाळ अकरा दिवसांचं.
डॉक्टरनी शेगडीचा धूर बंद केला
म्हणून जावयानं निपाणीहून हीटर आणला,
दोन हजार वॅटचा, खोक्यासकट.

"नवा हाय, तरी ऊब न्हाई बघ," दानेश्वरी म्हणाली,
"तारा नुसत्या नारिंगी होऊलाल्यात."
मी प्लग काढला.
पिना चटका देणाऱ्या.

जिन्याखाली बोर्ड.
इथं पूर्वी दोन माग होते. ते भंगारात गेले
तेव्हा त्यांच्या पायांचे चार चार खड्डे
फरशीत राहिले, आणि भिंतीवर हा बोर्ड,
अजून मागांच्याच मापाचा.
चिनी मातीचे तीन फ्यूज, पोटात दुपदरी तांबं.
"वीस वर्षं झाली," बाळाप्पा म्हणाले,
"एकदा उडाला न्हाई."
जसं काही मुलाचा निकाल सांगावा.

मी बोललो नाही. हाताची पालथी बाजू
भिंतीला लावली, ताप बघतात तशी.
स्विचच्या वर वीतभर, मग छताकडे.
चुन्याच्या आत एक गरम रेघ,
वायर जाते तिथून तिथून,
आणि तिच्या बरोबर खाली, पाठ टेकून,
झोपलेलं मांजर.
त्याला माझ्या आधी कळलं होतं.

गंगूकाकींना हाक मारली. "हात लावा."
त्यांनी लावला. काढला.
"ही ऊब त्या खोलीत जायला निघालेली," मी म्हटलं,
"वाटेतच बसलीया."

वायर ओढली तर तिचं कातडं
बिस्किटागत मोडलं.
सडक्या मासळीचा वास आला.
अर्थिंगची तार कुठं जाते ते शोधत परसात गेलो:
जमिनीपासून हातभर वर तुटलेली,
आणि उरलेल्या तुकड्यावर, खिळ्याला ताणून,
लंगोट वाळत घातलेले.

दिवसभर लागला. जाड वायर, नवी पेटी,
हीटरच्या खोलीला वेगळी लाईन, वीसचा खटका.
बाळाप्पा शिडी धरून उभे होते
आणि दर तासाला किती झाले विचारत होते.

पहाटे पाचला फोन.
"लाईट गेली. लेकरू गारठूलालंय."
अनगोळहून स्कूटर काढली. धुक्यात दिवा लावून
आपलाच दिवा तेवढा दिसत होता.
बाळाप्पा दारात, अंगावर घोंगडं.
"तुझ्या नव्यापेक्षा जुनं बरं होतं रे. ते उडत नव्हतं."

खोलीत हीटर. त्याच लाईनवर बाहेर ओढलेला
एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात बादलीतला रॉड,
आणि न्हाणीघरातला गीझरही कुणीतरी
तिथूनच जोडलेला.
मी रॉड काढला. गीझर काढला. खटका वर केला.
खट्.
"आधी पाणी," म्हटलं, "मग हीटर.
दोन्ही एका वेळी नाही."
बाळाप्पा गप्प. ताणा तुटला की
मागही असाच थांबायचा, हे त्यांना
माझ्यापेक्षा जास्त ठाऊक;
पण मी ते काढलं नाही.

आतून दानेश्वरी म्हणाली,
"आत्ता कोळशागत झालाय."

चहा घेतला. पैसे महिनाअखेरीला, असं ठरलं.
मांजर भिंत सोडून हीटरच्या खोलीच्या
उंबऱ्यावर येऊन बसलेलं.

घरी आलो तर उजाडलेलं.
बायकोनं गीझर लावलेला.
आमचा बोर्ड दाराच्या मागं, कॅलेंडरखाली.
नऊ वर्षं मी त्याचं झाकण उघडलं नाही,
लोकांचीच उघडतो.
कॅलेंडर बाजूला केलं. हात ठेवला, पालथा.

"काय बघूलालाय?" ती म्हणाली.
काही नाही, म्हटलं,
आणि हात तिथंच ठेवला.