कागद अडकेपर्यंत

बाहेर उणे बावीस, गॅरेजात उणे चार.
उर्पो केम्पाइनेन आधी हीटर लावतो, मग यंत्र,
मग कॉफी. स्पिंडल दहा मिनिटं नुसतंच फिरतं,
सकाळी सांधे मोकळे करावेत तसं.

मग तिन्ही अक्षांवर मागे मागे जातं,
टोकाचं बटण टिक् वाजलं की थांबतं.
हे त्याचं घर. एवढंच त्याला पाठ.
टेबलावर कोण आलंय, कुठं बसलंय,
याचा त्याला पत्ता नाही.

आज आउनेच्या बर्फगाडीचा सांधा आलाय.
एक पाय पट्टीवर, एका पायानं रेटत
ती दुकानात जाते; वय एक्क्याऐंशी,
पुढच्या फळीवर दूध आणि बटाटे.
मंगळवारी उतारावर कडकन् आवाज झाला
आणि बटाटे चर्चच्या फाटकापर्यंत गडगडत गेले.
"नवी घे की," मुलगा म्हणाला ओउलूहून.
तिनं फोन ठेवला, बूट चढवले,
आणि सांधा इथं आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून.

एक कान मोडलेला, एक शाबूत.
शाबूत कानात दोन भोकं पाडायची,
नवी पट्टी बसवायची. एवढंच काम.
या "एवढंच"नं त्याचे किती शनिवार खाल्लेत.

व्हाइसमध्ये तुकडा आवळला, कडेला डायल टेकवली.
या टोकापासून त्या टोकापर्यंत
काटा एक पूर्ण फेरी पळाला, वर चौदा रेघा.
रबरी हातोडीनं टकटक.
तीच फेरी, त्याच चौदा.
मग डायल व्हाइसच्याच जबड्यावर ठेवली: काटा ढिम्म.
म्हणजे तुकडाच वाकडा.
चाळीस हिवाळे उजव्याच पायानं रेटल्यावर
लोखंडही जरा डावीकडे बघू लागतं.

ठोकून सरळ करता आलं असतं.
पण उरलेली गाडी या वाकाला सरावलीय.

कड शोधणारी कांडी फिरू लागली:
आधी झोकांड्या, जवळ येता येता शहाणी,
अगदी सरळ, आणि पुढच्याच शतांशाला
टुणकन बाजूला. ही कड.
नाही, कड अजून कांडीच्या अर्ध्या जाडीएवढी पुढे.
हे अर्धं तो एकदा विसरला होता.
मेहुणीच्या दाराशी कोट टांगायच्या सहा खुंट्या,
सहाच्या सहा अडीच मिलिमीटर सरकलेल्या.
कुणाला दिसत नाहीत.
त्याला सूप पिताना दिसतात.

एका टोकाला स्पर्श, दुसऱ्या टोकाला स्पर्श,
वजाबाकी, भागिले लांबी: एक अंश, वर किंचित.
तेवढं त्यानं यंत्राला सांगितलं:
तुझं पूर्व-पश्चिम आजच्यापुरतं वळव.

राहिली उंची. खिशातून कागदाची पट्टी निघाली,
कागद गिरणीच्या शेवटच्या रिळाची.
एकतीस वर्षं ही जाडी तो
बोटांत घेऊन घरी जायचा. आठ शतांश.
गिरणीच्या जागी आता मोकळं मैदान, गाड्या उभ्या करतात.
पट्ट्यांचा गठ्ठा तेव्हा वीतभर होता,
आता दोन बोटं.

डाव्या हातानं कागद पुढे-मागे,
उजव्या हातानं ड्रिलचं टोक खाली, एकेक शतांश.
सरकतो.
सरकतो.
जड सरकतो.
अडकला.
आता यातून कागद वजा करायचा,
की मग शून्य.

आधी सगळं हवेत, बोटभर वरून.
ड्रिल तिरकं तिरकं जातं, न टेकता
दोनदा खाली वाकतं, परत येतं.
तेवढ्यात दार उघडतं, थंडीचा लोट, मागून आउने.

"झालं?"
"अजून सुरूच नाही केलं."
"मग तासभर काय करत होतास?"
"तुझा सांधा कुठं आहे ते शोधत होतो."

ती टेबलाकडे बघते, मग त्याच्याकडे.
"समोरच तर आहे."

उर्पो कागदाची पट्टी घडी न घालता
खिशात ठेवतो, चष्मा पुसतो,
आणि हिरवं बटण दाबतो.