डावा स्पीकर

गाडी सेकंडहँड घेतली, इस्लामपूरच्या एका डॉक्टरकडून.
एसी चालतो. डावा स्पीकर मुका.
मेकॅनिक म्हणाला, पाचशेत होईल ताई.
म्हटलं, पुढच्या खेपेला.

सांगली ते तासगाव, रोज, शाळेला जाता-येता
एकच कॅसेट, आता पेन ड्राइव्हवर उतरवलेली.
'दोन गिटार': धनपाल चौगुले, इमॅन्युएल आवळे.
सहा चिजा, त्रेचाळीस मिनिटं.
तीनशे प्रती काढल्या, अडुसष्ट खपल्या,
बाकीच्या माळ्यावर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांशेजारी.
बाबा असताना मी ती कधी पुरी ऐकली नाही.

डावीकडे बाबा वाजवतात.
उजवीकडे आवळेकाका.
म्हणजे सहा महिने मी नुसत्या काकांना ऐकते आहे.

रेकॉर्डिंग झालं मार्केट यार्डात, आमच्या अडतीच्या गोदामात.
हळदीची पोती आवाज पितात, असं बाबांचं मत.
छतापर्यंत थप्पी, मधे दोन खुर्च्या, दोन माइक.
दिवसा हमाल, सौदे, ट्रक. म्हणून रात्री.
बाबा दिवस मावळायच्या आत जेवून यायचे.
काका दहाला डबा उघडायचे, आमलेटचा,
बाहेर जाऊन, वजनकाट्याच्या पायरीवर.
बाहेर जा असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.
आत बसा असंही कुणी म्हटलं नाही.

मी नऊ वर्षांची, थप्पीवर, पोत्यांच्या उबेत.
कबुतर फडफडलं की हात वर करायचा, एवढंच काम.
तिसऱ्या चिजेला माझा डोळा लागायचा.

काकांना जॅझ मिळालं वडिलांकडून,
ते मिरजेच्या रेल्वे बँडात शनिवारच्या नाचाला वाजवत.
बाबांना मिळालं काकांकडून, तिशी उलटल्यावर,
खतावणी मिटून उरलेल्या वेळात.
आजोबा म्हणायचे, हे कसलं वाजवणं,
घरातनं निघतंय आणि परत येतच नाही.

एकट्या काकांना ऐकणं म्हणजे
दुसऱ्याचा फोन ऐकणं, अलीकडच्या बाजूचा.
हं. हं, मग? अरे वा.
नको, तू बोल.
आणि मधल्या रिकाम्या जागी कान दिला
तर फार लांबून, पोत्यांना वळसा घालून
बाबा येतात,
काकांच्या माइकमध्ये सांडलेले.

चौथ्या चिजेत मात्र तेही नाही.
अकरा सेकंद. मोजलेत मी.
बहुतेकदा कवलापूरच्या आसपास लागतात.
त्या अकरा सेकंदांवर मी काय काय रचलं होतं!
स्टाफरूममध्ये बोललेसुद्धा एकदा, मौनाविषयी.

रविवारी मिरजेला गेले.
काकांची बोटं आता वळत नाहीत,
कप दोन्ही हातांनी धरतात.
विचारलं. हसता हसता त्यांना ठसका लागला.
अगं, तार तुटली की तुझ्या बापाची!
वरची, बारीक. उडाली आणि गेली थप्पीत.
मी थांबलो, तो थांबला, मशीन चालूच.
मग पाच तारांवर त्यानं जे उचललं ना...
ते त्यांनी टेबलावर नखांनी वाजवून दाखवलं.
मला फक्त नखं ऐकू आली. त्यांना बाकीचंही येत असावं.
रात्रभर शोधली बॅटरी घेऊन.
मालात तार निघाली तर व्यापारी बोंबलंल.
नाही घावली. सकाळी गाडी भरली, गेली राजकोटला.

येताना विश्रामबागला मेकॅनिकचं दुकान उघडं दिसलं.
पाचशे दिले.
दार खोलून, वायर सोलून, तोंडात स्क्रू धरून
तो म्हणाला, टेस्टिंगला काय लावू?
म्हटलं, चौथं.

बाबा आले. केवढे मोठ्यानं.
घाईत, जरा पुढे पुढे, दोनदा चक्क चुकत,
आणि काका दोन्ही वेळा त्यांना सांभाळून घेत.
मग
टण्ण.

मेकॅनिकनं दचकून हात मागे घेतला.
म्हणाला, थांबा ताई,
आत अजून काहीतरी लूज आहे.